न झिजणारे टायर

गणपती जातात, आरतीचे टाळ माळ्यावर चढतात आणि सातपूरच्या आमच्या गल्लीत पंधरा दिवसांची एक वेगळीच शांतता येते. पितृपक्षात कुणी काही नवीन घेत नाही. सोनार माशा मारत बसतो, फर्निचरवाला विकायच्याच सोफ्यावर दुपारची झोप काढतो. गवार आणि भोपळा मात्र भाव खातात, घरोघरी उडीद भिजतात आणि त्र्यंबक रोडवर बाहेरगावच्या गाड्यांची रांग लागते. खरं सांगायचं तर या पंधरवड्यात मला पितरांच्या आधी टायर आठवतात. ऐकायला बरं वाटत नाही, पण माझा इलाज नाही.

यंदाही तेच झालं. परवा सकाळी मोटरसायकल पुसताना मागच्या चाकावरून हात फिरवला तर नक्षी बरीच उतरलेली. मधल्या खाचा जेमतेम उरल्यात. पूर्वीचा मी असतो तर हळहळलो असतो, दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या असत्या. यंदा मला बरं वाटलं. कामाचं काहीतरी झिजलंय असं वाटलं, आणि चहा होईपर्यंत मी तिथेच पायरीवर बसून राहिलो.

ही गाडी घेतली तेव्हा मी शोरूममध्ये तासभर प्रश्न विचारले होते. अ‍ॅव्हरेज किती, सर्व्हिसिंग कधी, कोणकोणते रंग आहेत. टायरबद्दल अवाक्षर काढलं नाही. गाडीला चाकं असतात आणि चाकांवर टायर असतात, त्यात विचारायचं काय? शिवाय ते कंपनीचे होते. आमच्या पिढीला ‘कंपनीचं’ या शब्दाचं भारी कौतुक. कंपनीने जे बसवून दिलंय त्याला हात लावायचा नाही. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा मी दोन वर्षं काढलं नव्हतं, उन्हाळ्यात पार्श्वभाग भाजून निघायचा तरी.

तिसरा पावसाळा आला तरी त्या टायरांची नक्षी जशीच्या तशी. शेजाऱ्यांचे टायर घासून गोटा झाले, बदलून झाले, आणि माझे कालच शोरूममधून आणल्यासारखे. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून मी ते दाखवायचो. “बघा, तिसरं वर्ष. याला म्हणतात कंपनीचा माल.” दसऱ्याला गाडी धुतली की जुन्या बनियनवर खोबरेल घ्यायचं आणि टायर असे चमकवायचे की झेंडूच्या माळेआधी लोकांची नजर टायरवर जावी. माझी बायको सुनंदा दारातून बघायची आणि म्हणायची, “एवढं तेल माझ्या डोक्याला लावलं असतं तर केस वाढले असते.”

गंमत म्हणजे मी पोटापाण्याला रबराचंच काम करतो. ऑइल सील बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर रबरावर कडकपणा मोजायचा काटा टेकवायचा आणि जास्त कडक निघालेला माल बाजूला काढायचा. कडक रबर यंत्राच्या फिरत्या दांड्याला अंगासरशी बसत नाही, मग तेल गळतं. नव्याने लागलेल्या लोकांना हे मीच शिकवतो. आणि संध्याकाळी त्या गाडीवर बसून, टायरांचा अभिमान बाळगत घरी येतो. कारखान्यातलं डोकं मी कारखान्यातच ठेवून येत असणार.

सुनंदाचं माहेर हरसूलच्या पलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत. महिन्या-दोन महिन्यांतून आमची एक खेप ठरलेली. गिरणारे सोडलं की द्राक्षबागा विरळ होतात, मग डोंगर जवळ यायला लागतात आणि वाघेऱ्याचा घाट लागतो. श्रावणात त्या घाटाला दृष्ट लागावी असं रूप असतं. उतारावर नागली, खाली भाताची खाचरं, आणि दरडीतून पाणी असं सहज रस्त्यावर येतं जसं काही रस्ता त्याच्याचसाठी केलाय. आम्ही जाताना बिस्किटं आणि गोळ्या-औषधं घेऊन जायचो, येताना काकड्या, कर्टुली आणि हातसडीचे तांदूळ घेऊन यायचो. सुनंदा मागे एका बाजूला बसायची, एक हात माझ्या खांद्यावर, एक मांडीवरच्या पिशवीवर. गेली तीस वर्षं ती अशीच बसत आली. आधी स्कूटरवर, मग एका जुन्या गाडीवर, मग हिच्यावर.

त्या वर्षी श्रावणात, परतीच्या वाटेवर, घाट उतरताना आम्ही पडलो. मी वेगात होतो असं कुणी म्हणू शकणार नाही. भुरभुर पाऊस होता, रस्त्याच्या कडेला हिरवट शेवाळ धरलेलं, आणि एका साध्या वळणावर मी मागचा ब्रेक नेहमीसारखा दाबला. मागचं चाक माझं ऐकेनासं झालं. आवाज नाही, धक्का नाही. गाडी आडवी झाली आणि आम्ही दोघं डांबरावर बसलो. काकड्या उतारावरून गडगडत गेल्या. सुनंदा उठून बसली, डावं मनगट उजव्या हातात धरलं आणि मला विचारलं, “तुम्हाला कुठं लागलं का?” मला काही लागलं नव्हतं. तिचं मनगट मोडलं होतं.

प्लास्टर चढलं. गणपतीचे मोदक मी केले, त्यांना मोदक म्हणणं हा गणपतीचा मोठेपणा. सुनंदा एका हाताने घर चालवत राहिली आणि माझ्यावर एका शब्दाने रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त गाडीवर बसणं सोडलं. भाजीला पायी जायची. डॉक्टरकडे रिक्षाने. मी किल्ली हातात घेऊन “चल, सोडतो” म्हटलं की ती म्हणायची, “राहू द्या, तेवढेच पाय मोकळे होतात.” अगदी गोड बोलून. पुण्याहून मुलीचा फोन आला, “पप्पा, आता बास झालं गाडीचं.” सुनंदा त्यावर काही बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं माझ्या जिव्हारी लागलं.

तीस वर्षं डोळे झाकून माझ्यामागे बसलेल्या माणसाचा माझ्यावरचा विश्वास उडालाय, हे मला सहन होत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे मलाही तिचंच खरं वाटायला लागलं होतं. वय झालं, हात गेला, आपल्याला आता दुचाकी झेपत नाही. मी डोळे तपासून आणले, नंबर तोच निघाला. गच्चीवर जाऊन एका पायावर उभं राहून बघितलं. पंधरापर्यंत मोजलं आणि कपडे वाळत घालायला आलेल्या शेजारणीने विचारलं, “भाऊ, काही हरवलंय का?” मी म्हटलं, हो, आणि खाली आलो. कारखान्यात दोघा-तिघांना सांगूनही टाकलं, गाडी विकायची आहे, कुणी असेल तर बघा.

पंक्चरने मला वाचवलं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी लिंक रोडवर मागचं चाक बसलं. मी गाडी ढकलत रशीदभाईच्या दुकानात नेली. रशीदभाई मूळचा मालेगावचा. घरचे सगळे यंत्रमागावर, हा एकटाच रबरात पडला. त्याने चाक काढलं, टायर फिरवला, अंगठ्याने दाबला आणि माझ्याकडे बघितलं.

“साहेब, पावसात घसरली होती का गाडी?”

मी मनात म्हटलं, याला कुणी सांगितलं?

“सांगायचं काय त्यात. हा टायर बोलतोय ना.” त्याने टायर माझ्यासमोर धरला. “माल खराब नाय हां, गैरसमज नको. पण हा बनवलाय मायलेजसाठी. कडक रबर, मधी सरळ पट्टी. सुका हायवे द्या याला, बादशहा आहे. ओल्या घाटात हा काय पकडणार? आणि वर्षं जातात तसा अजून कडक होतो. गाडी घेताना सगळे विचारतात, अ‍ॅव्हरेज किती. पकड किती, असं आजपर्यंत एकाने विचारलं नाय.”

“पण भाई, झिजला नाही अजून. तिसरा पावसाळा आहे.”

“तेच तर सांगतोय. झिजत नाय, कारण रस्त्याला धरतच नाय. जो धरेल तो झिजेल, साहेब.”

मी तिथे स्टुलावर बसून राहिलो. समोर पंक्चरचं भांडं, त्यातल्या पाण्यात बुडबुडे. महिनाभर जो दगड छातीवर होता तो थोडा हलला. म्हणजे माझे हात गेले नव्हते. निदान सगळा दोष हातांचा नव्हता. मग लगेच दुसरी गोष्ट मनात आली, की सुनंदाचं मनगट ज्या टायरने मोडलं त्याला मी दोन दसरे खोबरेल चोळलं. रशीदभाईला हेही सांगितलं. तो इतका हसला की पाना खाली ठेवावा लागला.

आपल्याकडे न झिजण्याचं फार कौतुक आहे. स्टीलची भांडी, टेरिकॉटची पँट, तोच आवाज, तोच बाणा. “पंचवीस वर्षं झाली, ओरखडासुद्धा नाही,” असं आपण कपाटाबद्दल सांगतो आणि माणसांबद्दलही. त्या दिवसांत मला माझे सासरे सारखे आठवायचे. त्यांचं खुरपं झिजून झिजून बोटाएवढं झालं होतं. मी एकदा नवीन नेऊन दिलं तर त्यांनी ते कौतुकाने आढ्याला खोचून ठेवलं आणि कामाला जुनंच घेतलं. मला तेव्हा तो हट्ट वाटला होता. मातीत रोज उतरणाऱ्या वस्तूचं अंग कमी होणारच, ते खुरपं तेवढी वर्षं मातीला लागलं होतं. सासऱ्यांचे गुडघेही तसेच गेले. आदल्या वर्षी भाद्रपद सुरू व्हायच्या आधीच ते गेले.

त्याच संध्याकाळी मेहुण्याचा, एकनाथचा, फोन आला. “दाजी, दशमीला बाबांचं पित्र हाय. वर्ष सरल्यावरचं पहिलंच. ताईला घेऊन या. आईचे हात लय कापत्यात, वडे तिच्यानं नाय व्हायचे.” फोन स्पीकरवर होता. सुनंदाने ऐकलं आणि प्लास्टर नुकतंच काढलेलं मनगट दुसऱ्या हाताने चोळत राहिली. एसटी हरसूलपर्यंत जाते, पुढे चिखलातून पायी. वेळेचा भरवसा नाही. पान दुपारच्या आत वाढावं लागतं. आणि वडे सुनंदालाच करायचे होते, वडिलांना तिच्या हातचेच आवडायचे. जायचं तर गाडीवरून, आणि गाडीवर ती बसणार नाही. दोघांनाही हे कळत होतं आणि दोघंही टीव्हीकडे बघत होतो.

शेवटी मी तिला टायरचं सांगितलं. ऑइल सीलचं उदाहरण दिलं, कडकपणाचा काटा, हद्द, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणजे आपल्या कुकरच्या रिंगसारखं. कडक झाली की बसत नाही, वाफ सुटते.”

“अगदी तसंच.”

“मग एवढं लांबण कशाला लावता?”

त्या कुकरच्या रिंगचा किस्सा असा, की ती गणपतीतच गेली होती आणि पौर्णिमा लागली म्हणून सुनंदा नवीन घ्यायला तयार नव्हती. पितृपक्षात घरात नवी वस्तू नको. घटस्थापनेपर्यंत आम्ही पातेल्यात डाळ शिजवणार होतो. त्यामुळे मी आपणहून म्हटलं, “टायर घटस्थापनेला घेऊ. दशमीचं दुसरं काहीतरी बघू.” तिने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच अंधश्रद्धेचा कारखाना काढलाय. “बाबांकडे जायला बाबांच्याच पंधरवड्यात टायर घेतला तर बाबा रागावतील होय? उद्या जाऊ. मी पण येते.” रिंगचं विचारलं तर म्हणाली, “रिंग राहू द्या. ती घटालाच.”

रशीदभाईचं दुकान त्या पंधरवड्यात अगदी मोकळं. त्याने तीन-चार टायर काढून भिंतीला उभे केले. माझा डोळा आधी गोट्या-गोट्यांच्या दणकट टायरवर गेला. तो म्हणाला, हा चिखलात मस्त, पण ओल्या डांबरावर या गोट्यांचाच भरवसा नाय. मी म्हटलं, मग जरा रुंद बसवू. तो म्हणाला, “रुंद दिसायला भारी. गाडी वळताना जड होईल, रिमला नीट बसणार नाय. मापाचाच घ्या, रबर बदला.” त्याने मधल्या खाचा दाखवल्या, पाणी त्यातून बाजूला निघून जातं म्हणाला. टायर कधी बनला ते सांगणारे कडेचे चार आकडे दाखवले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. “दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला टायर कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका. शिळ्या भाकरीसारखा असतो.”

सुनंदा तोवर पुढे झाली. भाजीबाजारात दुधी घेताना ती देठाशी अंगठ्याचं नख लावून बघते, आणि त्यावरून निम्म्या भाजीवाल्यांशी तिचं वाकडं आहे. तिने तेच केलं. काढून ठेवलेल्या आमच्या जुन्या टायरला नख लावलं. नख उलटं फिरलं. मग भिंतीशी उभ्या असलेल्या एकेका टायरला. एकावर नख किंचित रुतलं, सोडल्यावर खूण हळूच भरून आली. “हा,” ती म्हणाली.

रशीदभाईने तो उचलला, उलटासुलटा करून पाहिला. “ताई, मी पण हाच देणार होतो. पण हा लवकर झिजेल हां, आधीच सांगतो.”

“झिजू द्या,” सुनंदा म्हणाली. “टायर झिजला तर नवीन मिळतो.” आणि डावा हात पदराखाली घेतला. मला तिथे, त्या रबराच्या वासात, ग्रीसच्या डागांमध्ये, रडू येईलसं झालं. मी रशीदभाईला उगाच हवा किती भरायची ते विचारत बसलो. त्याने मागची-पुढची हवा सांगितली आणि बजावलं की नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो, थोडे दिवस जपून चालवा, मग तो आपलं खरं काम करेल.

मग आठ दिवस मी पहाटे उठून गंगापूर धरणापर्यंत जायचो आणि यायचो. हळू, मग थोडं वेगात. रिकामा रस्ता बघून ब्रेक दाबून बघायचो. ओल्या जागेवर मुद्दाम. गाडी थांबायची. नुसती थांबायची, जिथे थांबायला सांगितलं तिथे. एवढ्या साध्या गोष्टीचा माणसाला किती आनंद व्हावा. घरी येऊन सुनंदाला सांगायचो तर ती चहा गाळत म्हणायची, “बरं.” दशमीला ती गाडीवर बसेल की आयत्या वेळी एसटीचं नाव काढेल, हे तिने शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

दशमीला सकाळी तिने वाटलेल्या उडदाचा डबा पिशवीत घातला, कुलूप लावलं आणि गाडीपाशी येऊन उभी राहिली. मी किक मारली. ती बसली. खांद्यावर हात नाही, दोन्ही हातांनी मागची दांडी घट्ट धरलेली, आणि पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये. गंगापूर गाव मागे पडलं. गिरणाऱ्याला टोमॅटोचा बाजार भरात होता, क्रेटच्या गाड्या उभ्या, रस्त्यावर फुटक्या टोमॅटोचा लाल राडा. त्यावरून गाडी नेताना मी दोन्ही पाय खाली सोडले. चाक हललं नाही. मागून एक श्वास सोडल्याचा आवाज आला, एवढंच.

घाटात धुकं होतं, वर पाऊस. सोनकी फुलली होती, कडा पिवळ्याजर्द. पाणी तसंच दरडीतून येत होतं, शेवाळही होतं. आमचं वळण आलं तेव्हा मी गाडी इतकी हळू केली की ती बंद पडायच्या बेतात आली. नवा टायर रस्ता धरून होता, ब्रेक ऐकत होता, आठ दिवसांची तालीम झाली होती, आणि तरी माझे हात मुठींवर घामेजले होते. तेव्हा मला कळलं की आता खोट गाडीत नाही, भीती माझ्यातच आहे. वळण मागे पडलं. पुढचंही पडलं. मी आपला पहिल्या गिअरमध्ये, आडव्या पावसातून, बैलगाडीच्या चालीने. मागून एक माणूस डोक्यावर इरलं घेऊन चालत येत होता, तो आम्हाला ओलांडून पुढे गेला.

खांद्यावर हात पडला. डावा, तोच. बोटं अजून नीट मिटत नव्हती, पण त्यांनी शर्ट धरला.

“अहो,” सुनंदा म्हणाली, “जरा जोरात घ्या की. बाबा जेवायचे थांबले असतील.”